नऊशे छप्पन्नची रेघ

त्याने माझा हात पहिल्यांदा धरला तो रक्त आलंय असं समजून, आणि रक्त आलेलंच नव्हतं.

आदल्या दिवशी माझ्या चुलतबहिणीची, रीमाची, हळद होती. आम्हा आगऱ्यांकडची हळद ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून समजायची नाही. नवरीला लागते त्याच्या चौपट हळद वऱ्हाडाला लागते. मी सकाळी साबणाची अख्खी वडी झिजवली, तरी कोपरापर्यंत पिवळी ती पिवळीच. तशीच आमच्या वळ गावातल्या गोदामात ड्युटीवर गेले. दोन हजार सहाचा मे महिना, वर पत्र्याचं छप्पर, सकाळी दहालाच आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं.

मागच्या बाजूला माझे ऐंशी निळे ड्रम उभे होते. माझे म्हणजे केसरीनाथ शेठचे, पण त्या मालाच्या कागदावर सही माझी होती, म्हणून माझे. तिथे हलक्या निळ्या शर्टातला एक उंच, किडकिडीत मुलगा माझ्याकडे पाठ करून चक्क एका ड्रमचं बूच उघडत होता. तुम्ही कोण, कोणाला विचारून, असं म्हणत मी तरातरा गेले आणि ड्रमच्या तोंडावर हात ठेवला.

अमोनियाचा भपकारा आला. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. त्याने डोळे पुसले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. माझा तळवा लालभडक झाला होता. काही बोलायच्या आत त्याने माझं मनगट पकडलं आणि मला ओढतच पाण्याच्या नळाकडे न्यायला लागला.

"थांबा," मी म्हटलं. "काही झालेलं नाही... नुसतं बघा."

मी हात दारातल्या वाऱ्यावर धरला. आधी बोटांच्या टोकांवरचा लाल रंग फिकट झाला, मग तळव्यावरचा... आणि हळूहळू, आपोआप, खालून पिवळा वर आला. तो जत्रेतल्या जादूगाराकडे पाहावं तसा पाहत होता. मी सांगितलं, हळदीला अमोनिया लागला की ती लाल होते आणि अमोनिया उडून गेला की परत होती तशी. कॉलेजात मी हे शंभरदा केलं होतं, पण कोणी इतक्या भक्तिभावाने पाहिलं नव्हतं.

"पुन्हा करून दाखवाल?" त्याने विचारलं.

"दाखवीन. आधी हात सोडा."

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. त्याने तापलेला तवा सोडावा तसा माझा हात सोडला, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या माझ्या तळव्यापेक्षा लाल झाल्या. तो लाल रंग मात्र लवकर उतरला नाही.

त्याचं नाव विशाल शेलार. दुगाडकडचा, कुणब्याचा मुलगा. जहाज कंपनीच्या वतीने माल तपासायला आला होता. चार वर्षं तो यार्न, कापडाच्या गाठी, कंटेनरचे पोचे हेच तपासत होता. रसायनाची खेप त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती आणि माझ्याही.

हे जरा सांगायला हवं. वळमध्ये रसायनशास्त्रात बी. एस्सी. झालेली मी पहिली मुलगी. बाबांनी, म्हणजे तुळशीराम तरे यांनी, आईला शब्द दिला होता की क्षितिजाची नोकरी आहे तोवर तिला लग्नासाठी कोणी टोकायचं नाही. नोकरी गेली की मात्र आई सांगेल तिथे दाखवायची. केसरीनाथ शेठनी तीन महिने मला नुसतं टायपिंगला बसवलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मालाच्या कागदांवर मारायचा शिक्का माझ्या हातात दिला. ऐंशी ड्रम अमोनियाचं पाणी, आफ्रिकेला जायचं. कारखान्याच्या कागदावर 'नऊ टक्के' असं लिहिलेलं होतं. जहाजवाल्यांच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंत तो साधा माल, दहाच्या वर गेला की धोकादायक. मग वेगळे कागद, वेगळी लेबलं, जहाजावर जागाही वेगळी. मी कारखान्याचं वाचलं, 'साधा माल' असं टाइप केलं, झोकात सही ठोकली आणि त्या सहीकडे बराच वेळ पाहत बसले. ड्रम उघडून पाहावा हे मला सुचलं नाही. बी. एस्सी.ला पहिला वर्ग!

विशालने उंच काचेच्या नळीत नमुना काढला आणि त्यात हायड्रोमीटर सोडला, म्हणजे दूधवाल्याकडे असतो तसला काचेचा तरंगणारा काटा. अमोनिया पाण्यापेक्षा हलका असतो. म्हणून अमोनिया जितका जास्त, तितका काटा खोल बुडतो आणि आकडा कमी दाखवतो. पुस्तकातली हद्द होती नऊशे सत्तावन्न. तितका किंवा वर असला तर साधा, खाली धोकादायक.

काटा नऊशे अठ्ठेचाळीसवर थांबला.

"मॅडम," तो वही उघडत म्हणाला, "माल धोकादायक आहे. कागद खोटा आहे."

खोटा हा शब्द मला असा झोंबला की डोळ्यांतलं पाणी अमोनियाचं की माझं, मलाच कळेना. मी वाकून काट्याच्या दांडीवरची बारीक अक्षरं वाचली आणि त्याला वाचायला लावली. काटा पंधरा अंश तापमानासाठी होता. नमुना होता अडतीस अंशांवर. उन्हाने पाणी पसरतं, हलकं होतं, आकडा खाली जातो, असं मी त्याला आठवीतल्या मुलाला समजवावं तसं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझी अपेक्षा होती तो चिडेल. त्याने वहीतला आकडा खोडला आणि शेजारी लिहिलं, 'माझी चूक'.

मी आजवर पुरुषाला स्वतःच्या हाताने हे दोन शब्द लिहिताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात केसरीनाथ शेठ आले. झाला प्रकार ऐकून म्हणाले, कशाला मोजामोजी, "झाकनं काढून ठेवू ऐंशीच्या ऐंशी. वास उडून जाईल, माल आपोआप पातळ होईल." शास्त्र चुकीचं नव्हतं. फक्त अख्खं वळ रडत रडत खाडीपलीकडे पळालं असतं. मी नाही म्हटलं, तेव्हा शेठनी माझ्याकडे बोट केलं. संध्याकाळपर्यंत ट्रक निघाला तर शिक्का तुझ्याकडे, नाहीतर उद्यापासून घरी बस, असं ते विशालच्या देखत म्हणाले आणि निघून गेले.

पंधरा अंश आणायचे कुठून? गोदामातला फ्रिज शेठच्या सोड्याच्या बाटल्यांनी भरलेला, आणि तोही चालू असला तर असायचा. मी बादली उचलली आणि नाक्यावर ठमाबाईकडे गेले. ती खाडीची मासळी विकते आणि गोणपाटाखाली बर्फ ठेवते. विशालही मागोमाग आला. ठमाबाईने माझ्याकडे, मग त्याच्याकडे, मग रिकाम्या बादलीकडे पाहिलं.

"मासली नको नि नुसता बर्फ? कोन हाय गो यो?"

"जहाजवाले साहेब आहेत."

"तरीच म्हनलं, घामाघूम झालाय," ती म्हणाली आणि बादलीत बर्फाचा एक मोठा तुकडा जास्तीचा टाकला. परत येताना बादलीची एक कडी त्याने धरली, एक मी. बर्फाला लागलेला बोय माशांचा वास घेत दोघंही गोदामाकडे चाललो.

नळीचं तोंड मी प्लास्टिकने घट्ट बांधलं. उघडी राहिली असती तर अमोनिया उडून माल फुकटचाच साधा ठरला असता. नळी बर्फात उभी केली, शेजारी थर्मामीटर. आणि आम्ही दोन उलट्या ड्रमवर बसून वाट पाहू लागलो.

छत्तीस अंश. काटा नऊशे एकोणपन्नास.

"तुम्ही हे सगळ्या मालाचं इतकं मनावर घेता?" मी विचारलं.

मग त्याने मला जहाजाची गोष्ट सांगितली. नोकरी लागली त्या वर्षी त्याला बंदरात एकदा जहाजावर चढायला मिळालं होतं. दुगाडचा अख्खा गाव गुराढोरांसकट मावेल एवढं ते लोखंड पाण्यावर तरंगतंय, हेच त्याला पटेना. मान वर करून करून दुखायला लागली, म्हणाला. आत एका खलाशाने त्याला चहा दिला. त्याची झोपायची जागा कंटेनरांच्या अगदी शेजारी होती. खाली काय भरलंय देव जाणे, तुम्हाला भीती नाही वाटत, असं विशालने विचारलं.

"तो हसला. म्हणाला, हम काग़ज़ पढ़के सोते हैं, भाई." विशाल काट्याकडे पाहत होता. "त्याने ड्रम पाहिलेला नसतो. तो फक्त तुमची सही बघतो... आणि झोपतो."

मी खाडीकाठची मुलगी. भरती-ओहोटी अंगणात पाहत वाढले, पण तेच पाणी पुढे जाऊन कुठल्या माणसाच्या उशाशी लागतं याचा विचार मी कधी केला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. त्या गोदामात, त्या उकाड्यात! आपण टाइप केलेली एक ओळ समुद्रात जाते आणि तिच्यावर विश्वासून कोणी डोळे मिटतं, हे मला केवढं तरी मोठं वाटलं. आणि हे मला सांगणारा माणूस घामाने भिजलेल्या शर्टात उलट्या ड्रमवर बसून थर्मामीटर पुसत होता, तोही मला एकाएकी मोठा वाटायला लागला.

अठ्ठावीस अंश. नऊशे बावन्न. काटा हलताना दिसत नव्हता, पण नजर काढून परत पाहिलं की रेघ बदललेली असायची. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. हमालही येऊन मागे उभे राहिले, बिड्या विझवून. कोणी न ढकलता ती काच स्वतःहून वर येत होती, आणि ती कुठे थांबते यावर माझं सगळं अडलेलं होतं.

बावीस. नऊशे चोपन्न.

"नोकरी गेली तर काय होईल?" त्याने हळूच विचारलं.

मी खरं ते सांगितलं. रविवारी पाहुणे येतील, मुलगा कल्याणला गॅस एजन्सीवाला आहे, आईला पसंत आहे.

"आणि तुम्हाला?"

"मी त्याला पाहिलेलाच नाही. त्याच्यावर काय लिहिलंय तेवढं वाचलंय."

तो हसला नाही. त्याने बर्फ नळीच्या आणखी जवळ सरकवला.

अठरा. पंचावन्न. सोळा. पंचावन्न आणि वर जरासं. पंधरा... काटा नऊशे छप्पन्नच्या रेघेवर आला आणि टेकल्यासारखा थांबला. आम्ही पाच मिनिटं थांबलो. दहा थांबलो. विशालने दुसऱ्या ड्रमचा नमुना घेतला, तिसऱ्याचा घेतला, पुन्हा बर्फ, पुन्हा वाट. छप्पन्न. छप्पन्न. एक रेघ कमी.

हमाल पांगले. त्याने वही उघडली, पेन काढलं आणि माझ्याकडे न पाहता अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "पापणीच्या केसाएवढं तर अंतर आहे... मी सत्तावन्न लिहितो."

खोटं कशाला बोलू, एक क्षण मला फार आनंद झाला. शिक्का वाचला, रविवार वाचला, आणि हा माणूस माझ्यासाठी... माझ्यासाठी! दुसऱ्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. मी त्याच्या हातातून पेन घेतलं.

"तो खलाशी कोणाचा कागद वाचून झोपतो म्हणालात?"

त्याने मान खाली घातली. मी त्याच्या वहीत नऊशे छप्पन्न लिहिलं, माझा कागद फाडला, नवा टाइप केला. 'धोकादायक' हा शब्द टाइप करताना दोनदा चुकले. सही मात्र पहिल्यापेक्षा चांगली आली. शेठना नेऊन दिला तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मी त्यावर शिक्का ठेवला आणि घरी गेले.

वळमध्ये बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. मी चपला काढेपर्यंत आईचा, म्हणजे कमळ तरे यांचा, कल्याणला फोन लागलेलाही होता. रविवारी सकाळी अकरा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं म्हणून मी पांघरूण घेतलं. वाईट कशाचं वाटत होतं ते मला ठाऊक होतं. नोकरीचं वाटत होतंच, पण त्याहून जास्त त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेचं. मी एवढं तोडून बोलायला नको होतं... आणि बोलले नसते तर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी आईने मला मासळी आणायला पाठवलं. ठमाबाईच्या टोपलीशेजारी, मासळीतलं काहीही न कळणारा चेहरा करून, विशाल उभा होता. दोन दिवस याच वेळेला येतोय आणि काय पायजे ते सांगत नाय, अशी ठमाबाईने माझ्याकडे तक्रार केली आणि तोंड फिरवून कोळंबी निवडायला लागली.

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याच्या अहवालाची प्रत. होता इंग्रजीत, पण सांगायचं तर त्यात लिहिलं होतं की निरीक्षकाचं पहिलं वाचन चुकीचं होतं. ते पाठवणाऱ्याच्या प्रतिनिधी कुमारी क्षितिजा तरे यांनी दुरुस्त केलं, आणि माल धोकादायक असल्याचं त्यांनीच माल निघण्याआधी जाहीर केलं. त्यामुळे कंपनीने खेप परत न करता पुढच्या जहाजावर घेतली होती. शेठनी तो अहवाल दोनदा वाचून घेतला होता आणि सोमवारी पोरीला पाठवा असा निरोप त्याच्याकडे दिला होता. ऐंशी ड्रमांची लेबलं लावायला दुसरं कोणी नाही, हे कारण त्यांनी दिलं होतं.

मला हसू आलं, रडूही आलं. आभार मानायला मी वर पाहिलं तर तो अहवालाबद्दल बोलतच नव्हता.

"चार वर्षांत मी एकही आकडा बदलला नव्हता," तो म्हणाला. "त्या दिवशी बदलणार होतो. तुमच्याकडे पाहिलं आणि... सगळं बरोबर वाटायला लागलं. तुम्ही पेन घेतलंत तेव्हा मला लाज वाटली. पण त्याहून जास्त..." तो थांबला. कानांच्या पाळ्या पुन्हा लाल. "मला जन्मभर पेन काढून घेणारं माणूस पाहिजे. तुमच्याशिवाय दुसरं कोणी मला जमणार नाही."

ठमाबाईचे हात कोळंबीतच थांबले होते. रस्त्यावरून कंटेनरचे ट्रक धडधडत जात होते आणि मला मात्र कशाचाच आवाज येत नव्हता. दोन दिवसांपूर्वी मला हा माणूस ठाऊकही नव्हता. एवढ्या मोठ्या जगात तो नेमका माझ्या ड्रमाचं बूच उघडायला यावा, याचं मला नवल वाटत राहिलं.

"आम्ही आगरी," मी म्हटलं. "तुम्ही कुणबी."

"माहीत आहे."

"बाबा ओरडतील."

"माहीत आहे."

"रविवारी अकराला पाहुणे येणार आहेत," मी म्हटलं. "तुम्ही शनिवारी या. आईला घेऊन या."

त्या रात्री मी बाबांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, तो सत्तावन्न लिहिणार होता हेही. ते न सांगता त्याला घरात आणणं मला जमलं नसतं. बाबा ओरडले नाहीत, आणि त्यानेच माझी जास्त गाळण उडाली.

शनिवारी विशाल आला. त्याची आई, रंगूबाई, नवं कोरं लुगडं नेसून, घरच्या वालांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली. माझी आई दारात हाताची घडी घालून उभी. बाबांनी शेती विचारली नाही, पगार विचारला नाही. थेट त्याच्याकडे पाहून म्हणाले,

"ही सांगते, तू हिच्यासाठी खोटा आकडा लिव्हनार होतास. खरं हाय?"

मी पडद्यामागे होते. नाही म्हणणं किती सोपं होतं. वही त्याची, पेन त्याचं, आणि पाहणारी फक्त मी.

"हो," विशाल म्हणाला. "लिहिणार होतो."

रंगूबाईने दचकून मुलाकडे पाहिलं.

"मंग?"

"त्यांनी लिहू दिलं नाही."

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, जणू तो पडदा नव्हताच, आणि सावकाश माझ्या आईकडे वळले.

"कमळे," ते म्हणाले, "चहा टाक. नि कल्याणला फोन लाव. त्यांना सांग, उद्या नका येऊ म्हनून."